एकाच नावाच्या बावीस माफ्या

५ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस पानं एकदम उलटल्याचा आवाज तू कधी ऐकला आहेस का? आमच्या कवितेच्या बाई पानावरची शेवटची ओळ संपली की खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "चला, पुढे." आणि चाळीस पोरांची चाळीस पुस्तकं एका दमात पान बदलायची. फर्रर्र! वाटायचं, पारव्यांचा थवा वर्गातूनच उडाला. मग क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत नव्या पानावरची पहिली ओळ. पुढे मी पंचेचाळीस वर्षं छापखान्यात बाइंडर म्हणून काढली. लाखो पानं हाताखालून गेली, पण तो आवाज पुन्हा काही आला नाही.

काल तुझ्या वेबसाइटवर 'पुढे' असं बटण दिसलं. मी डोळे मिटून दाबलं. आवाज आला नाही, ते एक जाऊ दे. पण डोळे उघडून बघतो तर दुसऱ्या पानावर लिहिलेलं: "नमस्कार", मग स्वल्पविराम, मग नुसतीच कोरी जागा. अगं, आत्ताच पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलं होतं. दोन बोटांनी लिहायला अकरा मिनिटं लागली. ते एवढ्यात विसरलं? माझ्या वयाचं आहे का तुझं हे दुसरं पान?

चोपन्न वर्षांनी आमचा वर्ग एकत्र येतोय, पंचवीस फेब्रुवारीला. आमचा मॉनिटर (शाळेत वर्गाचा मॉनिटर होता, त्यातून त्याची अजून सुटका झालेली नाही) सगळं जमवतोय. त्याला मी छाती पुढे काढून सांगून बसलोय की नावनोंदणीची वेबसाइट माझी भाची करते आहे. तेव्हा लाज राख.

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर तू हसतेस.

तुझा मामा


११ जानेवारी

ति. मामास साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे, त्यामुळे अर्धाच घातला असं समज.)

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलावरची ताई, जी मला काम शिकवते, म्हणाली, "आपल्याला असा एक मामा पगारी ठेवता येईल का?" एवढ्या वर्णनाची तक्रार आमच्याकडे कुणीच करत नाही. लोक लिहितात: 'चालत नाही.' दोन शब्द. पारवे नाहीत, काही नाही.

आता नीट ऐक. वेबसाइटच्या पानाला आठवण नसते. तू 'पुढे' दाबलंस की तुझ्यापुरतं पहिलं पान संपलं. दुसरं पान येतं ते नवंकोरं. तू कोण, कुठून आलास, आत्ता काय सांगून आलास, त्याला काहीही ठाऊक नसतं. या पानावरचं त्या पानावर आम्हाला आपल्या हाताने नेऊन द्यावं लागतं. ते द्यायला मी विसरले. म्हणजे विसराळू पान नाही, तुझी भाची. खूश?

सध्या सोपा उपाय केलाय. तू पहिल्या पानावर जे लिहिशील ते पुढच्या पानाच्या पत्त्यालाच जोडून दिलंय. वर एक लांब पट्टी दिसते ना, तिच्यात पत्ता असतो. पत्ता संपला की एक प्रश्नचिन्ह येईल आणि त्याच्यामागे तुझं नाव, टोपणनाव, सगळं. लहान पोराच्या खिशाला चिठ्ठी टाचून शेजारच्या वर्गात पाठवतात, तसंच. पोराला काही आठवायला नको, चिठ्ठी वाचली की झालं.

आता पुन्हा करून बघ. पहिल्या पानावर तू कोण. दुसऱ्यावर वर्गातल्या कुणाला सगळ्यात आधी भेटायचंय, आणि त्याला निरोप. तिसऱ्यावर हे सगळं एकत्र दिसेल. तिथे निरोप बदलता येईल, बाकी काही नाही. मग 'पाठवा' दाबलंस की निरोप थेट त्या माणसाच्या ईमेलवर. मॉनिटरकाकांनी सगळ्यांचे पत्ते दिले आहेत.

आणि कविराज, निरोप चार ओळींचा असतो. खंडकाव्य नको.

तुझी खारूताई


१७ जानेवारी

चि. खारूताईस,

शाबास! दुसरं पान मला नावानिशी नमस्कार घालतं. मीही त्याला उलट नमस्कार घातला. घरात दुसरं कुणी नसल्याचा हा फायदा.

तुझी ती खिशाला टाचलेली चिठ्ठी वाचून मला माझे वस्ताद आठवले. त्यांच्याकडे फार जुनी पुस्तकं दुरुस्तीला यायची. त्यांत प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, एकटाच एक शब्द छापलेला असायचा. मी नवखा. विचारलं, "हा शब्द चुकून खाली सांडला का?" वस्ताद म्हणाले, "गाढवा, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द आहे. हे पान त्या पानाला हात देतंय." पानं सुटी झाली तरी बाइंडरला कळावं, की यानंतर हेच. म्हणजे तू जे करतेस ते तुझ्या पणजोबांच्या काळी लोक शाईने करत होते. उगाच शेफारू नकोस.

तिन्ही पानं भरली. कुणाला भेटायचंय तेही लिहिलं, निरोपही लिहिला. काय लिहिला ते विचारू नकोस. चारच ओळी आहेत, तुझ्या हुकमाप्रमाणे.

मॉनिटर वेबसाइटचा पत्ता मागत होता, तोही त्याला पाठवून दिला. आम्ही बाइंडर लोक पुस्तक शेवटच्या पानावरून तपासतो. शेवटचं पान जागेवर असलं की मागचं सगळं जागेवर आहे समजायचं. म्हणून तिसऱ्या पानावर जाऊन वरच्या पट्टीतला पत्ता उचलला आणि दिला पाठवून. चांगलाच लांब निघाला गं, तीन हात तरी असेल! पाठवताना बघतो तर नुसती टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं, मुंग्या कागदावरून चालत गेल्यासारखी. म्हटलं, यंत्राची भाषा असेल, आपल्याला काय करायचंय. मॉनिटरने तो लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकला. लोक धडाधड नावं नोंदवत आहेत.

मामाचं काम बघितलंस ना? बस तर.

तुझा मामा


१८ जानेवारी

मामा,

घाईत लिहिते आहे, कारण एक सांगायचं राहिलं. तो चिठ्ठीवाला उपाय तात्पुरता आहे. पहिल्या पानाचा पत्ता कुणालाही दे, पण तिसऱ्या पानाचा अजिबात देऊ नकोस. त्यात तू लिहिलेलं सगळं असतं. मराठी अक्षरं तिथे टक्क्यांच्या चिन्हांत बदलून जातात म्हणून दिसत नाहीत एवढंच. पण तो पत्ता उघडणाऱ्याला तुझं पान दिसेल, तुझ्या निरोपासकट.

अर्थात तिसऱ्या पानाचा पत्ता उचलून कोण कुणाला पाठवणार म्हणा! शहाणा माणूस पहिल्याच पानाचा पाठवेल. तरी सांगून ठेवलं.

तुझी खारूताई


२४ जानेवारी

शहाण्या माणसास,
साष्टांग नमस्कार. या वेळी पूर्ण घातला. पाठ गेली तरी चालेल.

मामा, तुझ्या वर्गातल्या किती जणांनी नाव नोंदवलं माहीत आहे? बावीस. आणि बावीसच्या बावीस जण तूच आहेस. मेळाव्याला बावीस मामा येणार, बावीस खुर्च्या अडवणार आणि बावीस मामांना सगळ्यात आधी एकाच व्यक्तीला भेटायचंय.

झालं असं. तुझ्या मित्रमंडळींनी तू पाठवलेला पत्ता उघडला. समोर थेट तिसरं पान, त्यावर तुझं नाव आणि तुझा निरोप. त्यांना वाटलं असणार, नमुना भरून दाखवलाय. नाव तिथे बदलता येत नाही. निरोपाची चौकट तेवढी उघडी. नऊ जणांनी काहीही न बदलता 'पाठवा' दाबलं. म्हणजे तुझा निरोप तुझ्यासकट दहा वेळा गेला. उरलेल्या बारा जणांनी तुझा मजकूर पुसून तिथे स्वतःचा लिहिला. तोही तुझ्याच नावाने गेला. सगळे निरोप एकाच ईमेलवर. मी बघितलं तोवर सहा दिवस झाले होते. आता दार बंद केलंय.

त्या बारांतले थोडे वाचून दाखवते. खाली सही तुझी आहे हे ध्यानात ठेवून ऐक:

"तुझी छत्री मीच नेली होती. परत द्यायला निघालो होतो, पण तेवढ्यात पाऊस थांबला."

"पायरीवरून ढकललं ते मी. ढोपर अजून दुखतं का? माझं आता दोन्ही दुखतात."

"परीक्षेत तुझं गणित बघून लिहिलं. उत्तर चूक निघालं म्हणून वर्षभर तुझ्यावरच चिडलो. हे काही बरं केलं नाही."

"तुला ते नाव मी ठेवलं. दुसरंही ठेवता आलं असतं."

"तू मला नीटसा आठवत नाहीस, पण सगळे मागत आहेत म्हणून मीही मागतो. माफ कर."

ताईने हसून हसून डोळे पुसले. मीही हसत होते. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मला जरा कसंतरी झालं. सगळ्यांनीच छळलंय की!

आणि आता मुख्य मुद्दा. तुझा निरोप वाचायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण एखादी गोष्ट दहा वेळा डोळ्यांपुढून गेली की माणूस काय करणार? "तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी गप्प राहिलो. चोपन्न वर्षं झाली. रोज नाही, पण पुष्कळदा आठवतं. माफ कर." आणि हे कुणाला? कोकिळेला!

मामा! ही कोकिळा कोण? दोन वेण्या होत्या का? कुठल्या बाकावर बसायची? मामी असती तर तिने आठवडाभर तुला स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायला लावलं असतं. आता ते काम माझ्याकडे आलंय असं समज. सगळं सविस्तर लिही. लाजायला परवानगी आहे.

तुझी खारूताई


२९ जानेवारी

चि. खारूताईस,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. दोन वेळा हसलो. तिसऱ्यांदा बसून राहिलो.

आधी कोकिळेच्या दोन वेण्या कापून टाक. कोकिळा म्हणजे आमच्या वर्गातला मुलगा. आवाज असा, की बाईसुद्धा पुस्तक मिटून ऐकायच्या. वर्गाने कौतुकापेक्षा चिडवायलाच त्याला हे नाव ठेवलं. कुणी ठेवलं ते अजून माहीत नाही, पण ठेवणाऱ्यालाही ते बोचतंय हे आत्ता तुझ्या पत्रातून कळलं. त्या काळी ज्याला कविता आवडते तो मुलगा म्हणजे वर्गाचं खेळणं. मीही त्यातलाच, पण माझा आवाज बेडकाचा, त्यामुळे मी कुणाच्या लक्षात आलो नाही. बाकी पोरं त्याच्या छत्र्या नेत आणि त्याला पायऱ्यांवरून ढकलत. आम्ही दोघं मात्र एका बाकावर.

शेवटच्या वर्षी काव्यवाचनाची स्पर्धा होती. नियम असा, की प्रत्येकाने आपला एक मदतनीस निवडायचा. त्याने पडद्याआड पुस्तक घेऊन उभं राहायचं आणि अडलं तर पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सांगायचा. कोकिळेने मला निवडलं. त्याच्यानंतर माझीच पाळी होती.

कविता एका वाटेवरची. साधीच, पण त्याने उभी केली होती. दोन कडवी झाली, सभागृह मुंगीसुद्धा ऐकू येईल असं शांत. तिसऱ्या कडव्यात म्हणाला:

माळावरची वाट एकटी, कुणास पुसते नाव?

आणि थांबला. मला वाटलं, मुद्दाम थांबलाय, प्रश्न जरा हवेत राहावा म्हणून. मग त्याने मान किंचित वळवून माझ्याकडे बघितलं. पुढची ओळ माझ्या बोटाखाली होती:

पुढले पाउल तिला ठाउके, मागे सुटला गाव.

'पुढले.' एवढा एकच शब्द द्यायचा होता. पुस्तक नसतं तरी मला येत होता. आणि मी दिला नाही. विसरलो नाही, घाबरलो नाही, घसा बसला नव्हता. हा अडला तर बक्षीस मला मिळेल असा विचार मनात आला, पुरता आला, आणि मी तो आल्यावर गप्प राहिलो. तो उतरला. मी गेलो, बेडकाच्या आवाजात कविता म्हटली, आणि बक्षीस घेतलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या त्यानेच. मला म्हणाला, "मी आयत्या वेळी गोंधळलो रे. तू तरी काय करणार." त्याला वाटलं, मी सांगितलं आणि त्यालाच ऐकू आलं नाही.

त्यानंतर तो कधीही लोकांसमोर उभा राहिला नाही. शाळा सुटली, त्याचं घर दुसऱ्या गावी गेलं. बक्षिसात शब्दकोश मिळाला होता. पुढे मीच त्याला नवं कापडी बाइंडिंग केलं. उघडला मात्र फारसा नाही.

मेळाव्यात समोर आल्यावर जीभ वळेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तुझ्या पानावर लिहिलं. म्हटलं, आधी निरोप पोचू दे, मग माणूस भेटू दे. आता त्याला दहा वेळा तेच आणि वर बारा भलतेच पोचले. त्याला काय वाटलं असेल? चोपन्न वर्षांनी याने माझी चेष्टा आरंभली, असंच ना? तो येणार नाही, खारूताई. आणि आला तरी माझं खरं त्याला खरं वाटणार नाही.

तुझा मामा


३ फेब्रुवारी

मामा,

वेण्यांबद्दल माफ कर. (हे मी माझ्याच नावाने लिहितेय, तपासून घे.)

आधी कामाचं. आता चिठ्ठी टाचणं बंद. तू लिहिलेलं सगळं आमच्याकडच्या कपाटात राहतं आणि तुझ्या हातात फक्त एक बिल्ला देतो. पुढच्या पानावर गेलास की पान बिल्ला बघतं आणि त्या नंबरचा कप्पा उघडतं. आता तू पत्ता कुणालाही पाठव, बोटभर लांब असेल आणि त्यात काही नसेल. ताई म्हणाली, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मला माझा मामा एवढा माहीत नव्हता. चूक माझी, मामा. तू बाइंडरसारखा वागलास. मी कारागिरासारखं वागायला हवं होतं.

तुझ्या वर्गाने आता नव्याने, आपापल्या नावाने नोंदणी केली आहे. तीस जण झाले.

आता जे लिहायला नको वाटतंय ते. कोकिळाकाकांचा ईमेल आला. वेबसाइटच्या पत्त्यावर आला म्हणून मीच वाचला. जसाच्या तसा देते: "कृपया माझे नाव यादीतून काढावे. मी मेळाव्याला येणार नाही. निरोपही थांबवावेत." खाली नाव. बस.

मी यावर एक उत्तर लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. त्यात लिहिलंय की हा तांत्रिक बिघाड होता, एकाच्या नावाने अनेकांचे निरोप गेले, तरी कृपया बाविसांपैकी कुठलाही मनावर घेऊ नये. खरं म्हणजे हे सगळं खरंच आहे. तू हो म्हणालास की पाठवते. तुझी लाजही वाचेल.

मॉनिटरकाकांच्या यादीत त्यांचा घरचा पत्ताही होता. तो वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवतेय. का ते मलाही नीट माहीत नाही.

तुझी खारूताई


८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

तुझं उत्तर फाडून टाक. म्हणजे पुसून, किंवा तुमच्यात जे करतात ते. 'कुठलाही मनावर घेऊ नये' यात माझाही निरोप आला. तो त्याने मनावर घ्यावा म्हणूनच तर लिहिला होता. एकदा गप्प राहून झालं. आता भाचीच्या पदराआड उभा राहून पुन्हा गप्प राहू? बिघाड तुझ्या यंत्रात होता हे कबूल, पण माझ्यातला त्याच्याही पन्नास वर्षं आधीचा आहे.

तू दिलेल्या पत्त्यावर काल मी स्वतः पत्र टाकलं. तीन मसुदे केले. पहिल्यात सहा कविता आल्या, तो फाडला. दुसऱ्यात मी माझीच फार कीव केली, तोही फाडला. तिसऱ्यात सरळ लिहिलं. छत्री, ढोपर आणि गणित माझं नाही, ज्यांचं आहे ते तुला भेटतीलच. 'गप्प राहिलो' हा निरोप दहा वेळा आला असेल, त्यातला पहिला माझा. तुला वाटलं की तुला ऐकू आलं नाही. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. मला शब्द येत होता आणि मी तो मुद्दाम दिला नाही, बक्षिसासाठी. उत्तर नाही आलं तरी चालेल, पण तू आयत्या वेळी गोंधळलास असं पुन्हा कुणाला सांगू नकोस. तुझं काही चुकलं नव्हतं.

वर माझा पत्ता घातला. पाकिटाची कड नीट घडी घालून चिकटवली, जुनी सवय. पेटीत टाकलं आणि पेटीशेजारीच जरा वेळ उभा राहिलो. एक बाई म्हणाल्या, "आजोबा, अडकलं का?" म्हटलं, नाही, सुटलं.

तुझा मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

आलं का काही? मी इथे रोज वेबसाइटची पेटी उघडून बघते. कालपासून ताईसुद्धा आल्या आल्या मला नमस्कार न घालता "कोकिळा?" असं विचारते. तिला पुढच्या आठवड्यातल्या कामाची एवढी काळजी नाही.

यादीतून त्यांचं नाव काढलंय, त्यांनी सांगितलं म्हणून. पण कपाटातला कप्पा ठेवलाय. रिकामा, पण ठेवलाय.

तू रोज जेवतोस ना? 'हो' एवढं लिहिलंस तरी पुरे. आणि मेळाव्यात कविता म्हणणार आहेस अशी बातमी आहे. बेडकाला माझ्या शुभेच्छा.

तुझी खारूताई


२१ फेब्रुवारी, सकाळ

चि. खारूताईस,

हो.

उत्तर आलेलं नाही. पत्र टाकून दोन आठवडे झाले. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो, थांबायचे कष्टही घेत नाही. वाईट वाटतं, पण रागावण्याचा हक्क त्याचा आहे, आणि किती दिवस रागवायचं हे काही मी ठरवायचं नाही. मी चोपन्न वर्षं घेतली. त्याने दोन आठवड्यांत उत्तर द्यावं असं म्हणायला मी कोण?

कवितेची बातमी अर्धीच खरी आहे. मॉनिटरने माझं नाव घातलंय. मी ठरवलंय, रविवारी उभं राहायचं आणि कविता म्हणायची नाही. त्या दिवशी काय झालं ते सगळ्यांपुढे सांगायचं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतले तिसेक तरी समोर असतील, त्यांना त्या परत घेता येतील. शब्दकोशही नेणार आहे. शाळेच्या वाचनालयाला देईन, म्हणजे कुणीतरी उघडेल.

तुला एक विचारायचं होतं. त्या बिल्ल्याचं कपाट किती दिवस

थांब. बेल वाजली. पोस्टमन तर कधीच येऊन गेला.

*

खारूताई, हे घाईत लिहितोय. चष्मा आणतो म्हणून आत आलोय. चष्मा नाकावरच आहे आणि तो तिने बघितलाय.

दारात एक बाई उभी होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. आखूड पांढरे केस, हातात पाण्याची बाटली, जिना चढून दम लागलेला. आयुष्यात कधी बघितली नव्हती. मला वाटलं, पत्ता चुकली. म्हणाली, "तुम्हीच ना ते? बाइंडर? मी कोकिळेची बायको."

'या' म्हणायचं राहिलंच. मी आपलं विचारलं, "फार रागावलाय का?"

"रागावलेला माणूस चार तास गाडी चालवतो होय?" ती म्हणाली. "आधी ते निरोप. रोज सकाळी चहाबरोबर तुमच्या तीन-चार माफ्या. मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. ह्यांनाही वाटलं, म्हणून नाव काढायला सांगितलं. मग तुमचं पत्र आलं. दोन दिवस ते खिशात घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना आतून कविता ऐकू यायला लागली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, अहो, मला माहीतच नव्हतं ह्यांना आवाज आहे!"

मी विचारलं, तो कुठे आहे?

"खाली गाडीत. सगळ्यांसमोर भेटायचं नव्हतं, म्हणून आजच निघालो. पण दारापर्यंत आले आणि परत गाडीत जाऊन बसले. मला म्हणाले, आधी तू वर जा आणि नीट बघून ये, तिथे एकच माणूस राहतो की बावीस."

मी म्हणालो, "एकच आहे. आणि तो खाली येतोय."